दोरीवरचे चिमटे

आमच्या गटाचा एक नियम होता. डोंगरावर निघण्याआधी प्रत्येकाने आपला चिमटा दोरीला लावायचा. कपडे वाळत घालताना लावतात तोच, लाकडी. बाईंच्या जुन्या व्हॅनच्या मागच्या दारावर नायलॉनची एक दोरी आडवी बांधलेली असायची. वर जाताना चिमटा लावायचा, खाली आलं की काढून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा. दोरी रिकामी झाली म्हणजे डोंगर रिकामा झाला. मग बाई दोरी गुंडाळायच्या आणि आम्ही आपापल्या गाड्यांकडे वळायचो.

बाई मूळच्या स्कॉटलंडच्या. साठी ओलांडलेल्या, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. बाकीचे त्यांना नावाने हाक मारायचे. माझ्या तोंडून ते कधी निघालं नाही, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना बाईच म्हणायचे. त्यांच्या गावी लोक डोंगरावर चालत नाहीत, पळतात. पावसात, ओल्या गवतातून, कमरेपर्यंत भिजून. तिथे धुकं उतरलं की पुढच्या माणसाची पाठसुद्धा दिसत नाही, आणि धारेवर तर आपण कुठल्या बाजूला कललोय हेही कळत नाही, असं त्या सांगायच्या. चिमट्यांची पद्धत त्यांनी तिकडूनच आणली होती. "धुक्यात माणसं डोळ्यांनी मोजता येत नाहीत," त्या म्हणायच्या. "चिमटे मोजता येतात."

मी या गटात आले ती ऑफिसच्या किचनमधल्या बोर्डावर लावलेला कागद वाचून. नव्वदीच्या दशकाचा मधला काळ. अमेरिकेत, सिअ‍ॅटलजवळच्या रेडमंडला एका सॉफ्टवेअर कंपनीत मी टेस्टर होते. दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्राम चालवून बघायचा आणि तो कुठे मोडतो ते शोधायचं, हे काम. मला ते आवडायचं. बोलावं कमी लागायचं आणि बघावं जास्त.

मी नागपूरची. आमच्याकडे डोंगर म्हणजे सेमिनरी हिल्स, आणि त्यावर स्कूटर जाते. रेडमंडच्या मराठी मंडळींमध्ये पुण्याचे बरेच जण होते आणि त्यातल्या प्रत्येकाने कॉलेजात असताना कुठला ना कुठला गड रात्री चढलेला होता. प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायच्या पॉटलकला गेलं की त्या गप्पा चालायच्या. माझ्यापर्यंत कोणी पोचलं की पहिला प्रश्न, कुठली गं तू? नागपूर म्हटलं की, नागपुरात कुठे? मग आडनाव. आडनाव ऐकल्यावर समोरचा माणूस जरासा थांबायचा आणि म्हणायचा, "बरं बरं. पुलाव घेतलास का?" मी पुलाव घ्यायचे आणि खिडकीजवळ जाऊन बसायचे. विचारलं तेवढंच सांगायची सवय मला फार आधी लागली होती, तिथे ती पक्की झाली.

बाईंनी पहिल्या दिवशी एवढंच म्हटलं, "बूट दाखव." मी पाय उचलून बूट दाखवला. त्यांनी तळावरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "चालतील."

डोंगर आपल्याला जमतो हे मला पहिल्या काही शनिवारांतच कळलं. चढावर मी सगळ्यांत वेगवान नव्हते. उतारावर होते. उतारावर माणसं घाबरून मागे रेलतात आणि तिथेच घसरतात. मी पुढे झुकायचे, पावलं लहान ठेवायचे आणि घसारा आला की पायाखालचे दगड सरकतील तसे सरकू द्यायचे. धारेवरचं काम वेगळं. दोन्ही बाजूंनी खाली उतरत गेलेला दगडी कणा, त्यावर पळता येत नाही, नुसतं चालताही येत नाही, हात वापरावे लागतात. दोन पाय आणि एक हात पक्का असल्याशिवाय दुसरा हात सोडायचा नाही. हे मला कोणी शिकवलं नाही आणि मी कोणाला विचारलंही नाही. पुढच्याचे पाय बघून शिकले. टाच कुठे टेकतो, कुठल्या खोबणीवर विश्वास टाकतो, कुठली नुसती चाचपून सोडून देतो.

त्यामुळे झालं असं की गटातल्या प्रत्येकाला मी चेहऱ्याआधी बुटांवरून ओळखायचे. दाढीवाल्या प्रोग्रामरची डावी टाच बाहेरून झिजलेली. बाईंच्या बुटांना दोन वेगळ्या रंगांच्या नाड्या. लोकांच्या डोळ्यांत बघून बोलायचं टाळणाऱ्या माणसाला या गोष्टी आपोआप माहीत होतात.

त्या वर्षी उन्हाळ्यात एक मराठी जोडपं आमच्यात आलं; मी त्यांना दादा आणि वहिनी म्हणायचे. दादा आमच्याच कंपनीत, शेजारच्या बिल्डिंगमध्ये. पुण्याचे. वहिनी कराडजवळच्या एका गावातली. गावामागे गड, आणि मे महिन्यात करवंदं खायला दिवसभर तिथेच, असं तिचं बालपण. ती दणदणीत आवाजात बोलायची आणि मधेच हसायची. दादा सगळं पटपट उरकणारे. विमानतळावर दोघांचे पासपोर्ट त्यांच्या हातात, बँकेत दोघांचे कागद त्यांच्या हातात, हॉटेलात वहिनी काय खाणार तेही तेच सांगून मोकळे व्हायचे, आणि ते बरोबर असायचं. वहिनीला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही. आमच्या घरीही असंच चालायचं.

चिमटा पहिल्यांदा हातात आला तेव्हा ती म्हणाली, "अगं, हे काय? धुणं वाळत घालायचंय का वर?"

"यार, सिस्टीम आहे ती," दादा म्हणाले. "चेक-इन, चेक-आउट."

"मग माझा ओळखू यायला नको?" असं म्हणून तिने कपाळावरची टिकली काढली आणि चिमट्यावर चिकटवली. मरून रंगाची. बाईंनी ती वाकून बघितली आणि ठीक आहे म्हणाल्या. तेव्हापासून वहिनीचा चिमटा टिकलीवाला. बुटांना तिने जांभळ्या नाड्या घातल्या होत्या.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातला शनिवार होता. हकलबेरीची झुडपं लाल झाली होती. पूर्वेकडे खिंडीपर्यंत गाडीने जायचं, जंगलातून चढायचं, मग धार, धारेच्या शेवटी दोन पुरुष उंचीची एक दगडी पायरी, ती उतरलं की छोटी खिंड आणि तिथून घसारा, मग जंगलातल्या पायवाटेने खाली पार्किंगपर्यंत. वर्षातली शेवटची मोठी फेरी. यानंतर पाऊस लागला की वसंतापर्यंत धार बंद.

मी सुरुवातीच्या तिघाचौघांत खाली आले. चिमटा काढला, डब्यात टाकला आणि पार्किंगच्या कडेला पडलेल्या ओंडक्यावर बूट सैल करून बसले. समोरच पायवाट जंगलातून बाहेर पडते. एकेक पाय बाहेर येत गेले. दाढीवाल्याचे आले, मग दादांचे. दादांनी व्हॅनच्या दाराशी जाऊन चिमट्याचं उरकलं, मला हात केला. "आमच्या बाळाला सांभाळणाऱ्या मावशींकडे ठेवलंय ना, उशीर होतोय म्हणून फोन करून येतो पेट्रोल पंपावरून. तुझी वहिनी येतेच आहे." आणि ते गाडी घेऊन गेले. मग उरलेले आले. मग बाई स्वतः, गुडघा जरा सांभाळत.

पश्चिमेकडून ढग यायला लागले होते. धारेचं टोक दिसेनासं झालं. बाईंनी दोरीकडे बघितलं. दोरी रिकामी होती. त्यांनी एका टोकाची गाठ सोडली.

जांभळ्या नाड्या मी पाहिल्या नव्हत्या.

आता हे वाचताना सोपं वाटेल. तेव्हा तिथे पंधराएक माणसं उभी होती, थर्मासमधला चहा पीत होती, घरी जायच्या गडबडीत होती, आणि दोरी रिकामी होती. नियम बाईंचा, पद्धत त्यांच्या गावची. मी तिथे सगळ्यांत नवीन नव्हते पण सगळ्यांत गप्प होते. मी एकदा डोळ्यांसमोरून सगळे पाय पुन्हा नेले. मग उठून डब्याचं झाकण उघडलं. आत टिकलीवाला चिमटा पडला होता.

म्हणजे ती खाली आली होती. मी बूट बांधत असताना, किंवा पाणी पीत असताना. असं असू शकतं. पण माझ्या कामात मी एवढं शिकले होते की सगळं ठीक असल्याचं स्क्रीनवर लिहून आलं म्हणून ते ठीक असतंच असं नाही. स्क्रीन म्हणते एक आणि डोळे म्हणतात दुसरं, तेव्हा मी डोळ्यांवर विश्वास ठेवला होता, आणि दरवेळी तेच बरोबर निघालं होतं.

"ती खाली आलेली नाही," मी म्हणाले.

बाईंनी वळून बघितलं. "चिमटा?"

"चिमटा डब्यात आहे. ती नाही आली. मी सगळ्यांचे पाय पाहिलेत."

हे वाक्य किती विचित्र होतं ते बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं. कोणी हसलं नाही. दाढीवाला कप खाली ठेवत म्हणाला, "तिच्या नवऱ्याने दोन टाकले डब्यात. मी पाहिलं. मला वाटलं ती मागेच असेल."

"तुझी खात्री आहे?" बाईंनी मला विचारलं.

"हो."

त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. दाढीवाल्याला पेट्रोल पंपावर पिटाळलं, दादांना घेऊन यायला. बाकीच्यांना पायवाटेच्या दोन्ही फाट्यांवर उभं केलं, ती चुकून दुसरीकडून उतरली तर दिसावी म्हणून. मग व्हॅनमधून दोराचं वेटोळं काढून खांद्यावर घेतलं. "घसाऱ्यावर तू माझ्यापेक्षा हलकी आहेस. पुढे जा. मी दोर घेऊन आलेच. पायरीच्या खाली थांबायचं, माझ्याशिवाय वर चढायचं नाही."

मी निघाले. मघाशी उतरलेला घसारा चढताना दर दोन पावलांमागे एक पाऊल खाली येतं. घाई केली तर तेही येत नाही. मी घाई केली नाही. दगड मोठे आहेत ती कडेची रेघ धरली, हात मांड्यांवर ठेवले आणि एकाच लयीत चढत राहिले. भीती वाटत होती, पण ती वहिनीसाठी होती. स्वतःच्या पायांची नव्हती. हे दोन वेगळे ठेवता आले म्हणून चढता आलं.

निम्म्याच्या वर आले तेव्हा समोर बूट पडलेला दिसला. एकच. उजव्या पायाचा. जांभळी नाडी अर्धवट सुटलेली.

मी तो उचलला. आत हात घातला, का ते सांगता येणार नाही. कोरडा होता. आजूबाजूला, वर, दोन्ही बाजूंना बघितलं. दगड आणि ढग, दुसरं काही नाही. मग मी मान वर केली आणि ओरडले. "वहिनी!"

माझा एवढा मोठा आवाज मी त्याआधी ऐकलेला नव्हता. शाळेत आमच्या सिस्टर मुलींना सांगायच्या, आवाज शेजारच्या बाकापर्यंत पोचला की पुरे. मी पुन्हा ओरडले. वारा होता. तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा ढगातून आवाज आला.

"कोण गं? तूच का? माझा बूट दिसला का तुला?"

मी पटकन खालीच बसले. हसू आलं.

"सापडला!" मी ओरडले.

"नवाय तो! सेलमध्ये घेतलाय!"

पायरीखाली पोचले तेव्हा ती दिसली. पायरीच्या माथ्यावर, दगडाला पाठ लावून, दादांचं जाडं जॅकेट अंगावर ओढून बसली होती. एका पायात बूट, दुसरा पाय जॅकेटच्या बाहीत घातलेला. मांडीवर चिवड्याची पिशवी. ओठ थंडीने पांढरे पडले होते, तोंड मात्र चालू होतं.

"काय झालं?" मी खालून विचारलं.

"काय होणार? सगळे कसे सरसर उतरले. मी म्हटलं, सगळ्यांसमोर कशाला ढुंगण घासत उतरायचं? ह्यांना म्हटलं, अहो तुम्ही व्हा पुढे, मी येते मागून. बाई खिंडीत बसल्या होत्या, त्याही उठल्या की उतरू म्हटलं, म्हणून त्या दगडामागे जाऊन बसले. आणि मग गावाकडे कसं, कातळ आला की चपला काढायच्या. अनवाणी पाय चिकटतो की नाही! म्हणून बूट काढले. एक ठेवला आणि दुसरा गेला घरंगळत. बसले मग."

"मागच्या वाटेने परत का नाही गेलीस?"

"एका बुटावर? आणि म्हटलं, कशाला हलायचं? माझा चिमटा लटकतोय ना दोरीवर. खाली मोजतीलच की. येईलच कुणीतरी." तिने चिवड्याचा शेवटचा बकाणा भरला. "जरा उशीर केलात पण."

मी बूट हातात धरून उभी होते. चिमटा दोरीवर नव्हता. हे तिला सांगायचं काम माझं नव्हतं.

बाई आल्या. श्वास फुललेला, पण दोर तयार. त्या माझ्या हातातला बूट घेऊन कडेच्या भेगेतून वर गेल्या, वहिनीच्या कमरेला दोर बांधला, बूट घातला, तिच्या गालावर हात ठेवून बघितला आणि मला म्हणाल्या, "मी धरते. तू खालून पाय सांग. तिच्या भाषेत सांग."

मग मी सांगत गेले. "तोंड कातळाकडे कर. अशी. डावा पाय खाली. अजून. अजून थोडा. हं, तिथे खोबण आहे, टेक. टाच खाली ठेव. हात बदलू नकोस, आधी उजवा पाय."

"दिसत नाही गं मला!"

"मला दिसतंय. तू टेक."

तिने टेकला.

दुसऱ्या टप्प्यावर ती थांबली. पोटरी थरथरायला लागली होती. तिला बोलतं ठेवायला हवं हे कळत होतं, पण काय बोलायचं ते मला सुचेना. तिलाच सुचलं. कातळाला गाल लावून ती म्हणाली, "नागपूरची ना तू? सावजी रस्सा येतो का तुला?"

"येतो."

"खरा? की पुस्तकात वाचून?"

"आईचा. उजवा पाय खाली, वहिनी."

"मग पुढच्या शनिवारी आमच्याकडे तू करायचास. पुण्याच्या लोकांचं नाकडोळ्यांतून पाणी काढायचंय मला. टेकला का?"

"टेकला. आता डावा."

शेवटच्या टप्प्यावर मी तिचा पाय हातात धरून ठेवला, आणि ती खिंडीत उतरली. उतरल्यावर तिने आधी बुटाची नाडी नीट बांधली. मग मला मिठी मारली. मला अशा मिठ्यांची सवय नव्हती. मी तिच्या पाठीवर दोनदा थोपटलं आणि तेवढं तिला पुरलं असावं.

घसारा आम्ही तिघी एका रेषेत उतरलो. मी पुढे. मागून बाई सांगत होत्या, तिच्यासारखे पाय टाक, तिच्यासारखे. ते माझ्याबद्दल होतं हे अर्ध्या वाटेवर माझ्या लक्षात आलं.

पार्किंगमध्ये दादा उभे होते. चेहरा राखेसारखा. ते धावत आले आणि वहिनीचे दोन्ही दंड धरले. "कुठे होतीस? अगं, मला वाटलं तू मागेच आहेस. मी तुझाही चिमटा काढून टाकला."

वहिनी इतका वेळ बोलत होती. आता थांबली. तिने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी खाली बघितलं, दादांच्या बुटांकडे.

"तुम्ही काढलात?"

"दोघांचंही उरकून टाकलं. नेहमीसारखं."

"मी वर बसून चिवडा खात होते," ती हळू म्हणाली. तिचा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. "निवांत. माझा चिमटा आहे म्हणून."

 दादांनी चष्मा काढला आणि नुसता हातात धरून उभे राहिले. त्यांना ओरडा बसला असता तर बरं वाटलं असतं, असं मला वाटलं. बाईंना आमची भाषा येत नव्हती, पण काय चाललंय ते त्यांना कळत असावं. त्या बाजूला होऊन व्हॅनच्या दाराशी गेल्या. मघाशी एकीकडून सोडलेली दोरी त्यांनी पुन्हा ताणून बांधली आणि डबा उघडून वहिनीपुढे धरला.

वहिनीने डब्यात बोट फिरवून टिकलीवाला चिमटा शोधला. दोरीला लावला. रिकाम्या दोरीवर तो एकटाच, वाऱ्यात थोडा हलत होता. तिने तो नीट बघून घेतला, मग स्वतःच्या हाताने काढला आणि डब्यात टाकला. टण्णकन वाजला.

"आता आले मी खाली," ती म्हणाली. मग दादांकडे वळून, "आणि पुढच्या वेळी तुमचा तुम्ही, माझा मी."

"हो," दादा म्हणाले.

बाईंनी दोरी सोडली आणि गुंडाळायला लागल्या. अर्धी गुंडाळून झाल्यावर थांबल्या, माझ्याकडे बघितलं आणि उरलेलं टोक माझ्या हातात दिलं. मी ती कोपरावर घेऊन गुंडाळत गेले. पाऊस सुरू झाला होता. वहिनी गाडीतून हाक मारत होती की चल, भिजशील. "आले," मी ओरडले, आणि ते पार्किंगच्या दुसऱ्या टोकालाही ऐकू गेलं असणार.